राणीचा नवरा जिवंत असताना

स्त्री गादीवर बसली की परीक्षा राणीची होत नाही, राज्याची होते. हे वाक्य मी माझ्या नियोजित ग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते इतकं भारदस्त झालं होतं की पुढचे आठ महिने दुसरं कुठलंही वाक्य त्याच्या शेजारी बसायला तयार होईना. विषय होता सोळाव्या ते अठराव्या शतकांत राज्य केलेल्या बायका. पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवायचो तिथे या विषयावर मी बऱ्यापैकी खणखणीत व्याख्यानं देत असे. पण व्याख्यानाला घंटा होते, ग्रंथाला होत नाही.

ब्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये एके संध्याकाळी बायको घरी आली आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"कोबेला पाठवताहेत," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला. तिथल्या ऑफिसची प्रमुख म्हणून." मग जरा थांबून, "प्रभारी."

तिची कंपनी दक्षिणेतल्या खाणींमधला काळा ग्रॅनाइट परदेशी विकायची. जपानात तो थडग्यांना लागतो. कोबेच्या ऑफिसचे प्रमुख हृदयाच्या दुखण्याने अचानक परतले होते आणि वर्षाची मोठी ऑर्डर नक्की व्हायची होती. दगडाची जाण असलेलं, तडकाफडकी निघू शकणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ही. पत्रात लिहिलं होतं, "योग्य माणूस मिळेपर्यंत, सहा महिन्यांकरिता." याआधी दोनदा तिला डावलून तिच्या हाताखाली शिकलेल्यांना वर चढवलं होतं.

"या वेळी कायम केलं नाही तर मी नोकरी सोडणार," ती म्हणाली. ती असली वाक्यं सहसा बोलत नाही. बोलली की मागे घेत नाही.

मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. ग्रंथ लिहायला निवांतपणा मिळेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या थोरल्या भावाने मात्र दारापर्यंत पोचवायला येऊन विचारलं, "पण तू तिथे नेमका कोण?"

हाच प्रश्न पंधरा दिवसांनी कोबेच्या वॉर्ड ऑफिसात एका तरुण कारकुनाने विचारला. परदेशी माणसाच्या ओळखपत्रावर तेव्हा घरातल्या कर्त्याचं नाव लिहीत. त्याने हसतमुखाने माझं नाव लिहिलं. मग माझा व्हिसा पाहिला. मी बायकोवर अवलंबून असलेला कुटुंबीय होतो. त्याने पेन खाली ठेवलं आणि तो त्याच्या वरिष्ठाकडे गेला. वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठाकडे गेले. तिघांनी एक जाड पुस्तक उघडलं. वीस मिनिटांनी कारकून परत आला, फॉर्म फाडला, नवा घेतला आणि त्यावर कर्ता म्हणून बायकोचं नाव लिहिलं. तिच्याशी माझं नातं, नवरा. तिचं लग्नाआधीचंच नाव नोकरीत चालू होतं, त्यामुळे नवरा-बायकोची आडनावंही वेगळी. त्याने वाकून क्षमा मागितली. कशाबद्दल, ते मला आजही ठाऊक नाही.

आमचं घर डोंगराच्या उतारावर होतं. कोबेत रस्ता सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत, डोंगराची बाजू आणि समुद्राची बाजू म्हणतात. बायको सकाळी साडेसातला समुद्राच्या बाजूला जायची. मी टेबलापाशी बसायचो, उठायचो, डोंगराच्या बाजूला चालत जायचो, वर पोचलो की खाली समुद्र दिसायचा, मग खाली यायचो. परतल्यावर कचरा वेगळा करायचो. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे. ऑक्टोबर संपेपर्यंत हे काम मला चांगलं जमू लागलं होतं, आणि ग्रंथाचं दुसरं वाक्य आलेलं नव्हतं.

वाचन मात्र चालू होतं. तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिने मला पार अस्वस्थ केलं. अहमदनगरच्या तटाचं खिंडार बुजवून उभी राहिलेली ती सुलताना विधवा होती. बादशहाशी सात वर्षं झुंजलेली आपली छत्रपतींची राणी विधवा. नर्मदेकाठून माळवा सांभाळणारी विधवा. इंग्लंडातल्या त्या थोर बाईने लग्नच केलं नाही. नवरा केला तर राज्य कोणाचं, हा प्रश्न तिला मंत्र्यांच्या आधी सुचला होता. जपानात तर तो शिरस्ताच होता. गादीवर बसलेल्या स्त्रिया विधवा तरी असत नाहीतर जन्मभर कुमारिका. सतराव्या शतकात बाप रुसून पायउतार झाला म्हणून सहा-सात वर्षांची एक मुलगी सम्राज्ञी झाली. धाकटा सावत्र भाऊ दहा वर्षांचा झाल्यावर तिने गादी त्याला दिली. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षं तिने काय केलं, याबद्दल मला मिळालेल्या पुस्तकात दीड ओळ होती. ती प्रभारी होती, एवढाच त्याचा अर्थ.

थोडक्यात, माझ्या ग्रंथाच्या बारा नियोजित प्रकरणांत एकही जिवंत नवरा नव्हता. खूप शोधल्यावर ऑस्ट्रियात एक सापडला. त्याची बायको चाळीस वर्षं राज्य करत होती. त्याने नाणी, शंख आणि दगडगोटे जमवले.

"मग तू पण जमव," बायको म्हणाली. "दगड फुकट मिळतील."

खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब होतं. गृहस्थ बँकेत होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, कोबेतल्या सात-आठ मराठी घरांचं महिला मंडळ चालवायच्या. मंडळात बायकांचा मान नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे ठरलेला होता. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण हळदीकुंकवाला पहिलं बोट कोणाच्या कपाळाला लागणार याबद्दल कधी घोटाळा होत नसे. ग्रॅनाइटच्या ऑफिसच्या प्रमुखाची पत्नी पहिली. आमच्या येण्याने तिथे जागा रिकामी झाली होती आणि भरताही येत नव्हती.

नवरात्रात वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, पेच पडलाय हो. तुमच्या मिसेस प्रमुख. पण प्रमुखांची मिसेस म्हणजे... तुम्ही."

"मी येतो की."

"इश्श! काहीतरीच!" मग गंभीर होऊन, "त्यांनाच बोलवायचं तर कितव्या नंबरला बसवू? यांच्या हुद्द्याने पाहिलं तर मी दुसरी. आणि त्या कोणाच्या हुद्द्याने?"

"स्वतःच्या."

"तसा नंबरच नाही ना आमच्याकडे," त्या कळवळून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. इतकी प्रामाणिक राज्यशास्त्रीय अडचण मी विद्यापीठाच्या चर्चासत्रांतही ऐकली नव्हती. शेवटी त्या दिवशी बायकोला नंबर मिळाला नाही म्हणून सांगायची वेळच आली नाही. ती ऑफिसात अडकली आणि वहिनींनी नारळ आणि ब्लाउजपीस माझ्याकडे दिला. कुंकू पुडीत बांधून दिलं.

इकडे ऑफिसात तिचं काम अडलं होतं. जिच्यावर सगळं अवलंबून होतं ती ऑर्डर शिकोकू बेटावरच्या एका जुन्या पेढीची होती. थडगी घडवणाऱ्यांची ती पेढी सात पिढ्यांची. तिचे मालक सत्तरीचे. आधीच्या प्रमुखांशी त्यांचं वर्षानुवर्षांचं जमलेलं होतं. बायकोने तीन पत्रं पाठवली. तिन्हींची उत्तरं अत्यंत नम्र आली आणि तिन्हींत एकच मजकूर होता, की नवे प्रमुख रीतसर आले की बोलू. ती येऊन दोन महिने झाले होते. पुण्याहून फॅक्स यायचे: जानेवारीअखेर ऑर्डर नक्की झाली नाही तर दुसऱ्या कोणाला पाठवण्याचा विचार करावा लागेल. दुसरा कोण, ते आम्हाला माहीत होतं. त्याला तिनेच दगडावर पाणी टाकून चीर शोधायला शिकवलं होतं.

"जेवायला बोलवू," ती एका रविवारी म्हणाली.

"हॉटेलात?"

"घरी. माणूस घरी जेवला की निम्मं काम होतं."

आपल्याकडे होतं. जपानात धंद्यातल्या माणसाला कोणी घरी बोलवत नाही, हे ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंनी तिला परोपरीने सांगितलं. त्या पंचावन्नच्या, इंग्रजी उत्तम, कंपनीच्या कोबेतल्या पहिल्या दिवसापासून तिथे. "निमंत्रण गेलं तर ते नकार देऊ शकणार नाहीत. आणि आले तर काय करायचं त्यांना कळणार नाही," त्या म्हणाल्या. त्या शनिवारी त्यांच्या घरी वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, त्यामुळे त्या येणार नव्हत्या. निमंत्रण गेलं. होकार आला.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी पेढीचे मालक आले, सोबत इंग्रजी येणारा एक कारकून. बारीक चणीचे, राखाडी सूट, हात मात्र पाथरवटाचे. आमच्या घरात चटयांची एक जपानी खोली होती. तिच्या आतल्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथे ते लोक चित्र नाहीतर फुलं ठेवतात. आम्ही तिथे ग्रॅनाइटचे चार नमुने मांडले होते. ते उचलून दाखवायला सोपं जावं म्हणून बायको कोनाड्याला पाठ लावून बसली. पाहुण्यांना आम्ही अगदी प्रेमाने स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराजवळ बसवलं. कारण उघड होतं. पुऱ्या मी तळत होतो. फुगलेली पुरी कढईतून सरळ पानात पडली पाहिजे; चार पावलं चालली की ती बसते. माझ्या आईने आयुष्यभर पाहुण्याला चुलीजवळचा पाट दिला.

बैठं टेबल होतं, म्हणून मी दर वेळी दारात गुडघे टेकून वाढत होतो. कारकून विचारत होता, मी सांगत होतो, ही बटाट्याची भाजी, हे श्रीखंड. बायको समोरून दगडांची माहिती देत होती. मध्येच ती मला म्हणाली, "अरे, त्यांचं पान रिकामं झालंय, लक्ष कुठाय तुझं?" आणि मी "आणतो, आणतो" करत आत पळालो. मालकांनी सात पुऱ्या खाल्ल्या. त्यांनी भाषांतर मागितलं नाही. ते बायकोकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, मग पुरी खात. त्यांच्यात आणि तिच्यात दगडाबद्दल चार वाक्यं झाली असतील. जाताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि मग, जरा वेळ थांबून, मला त्याहून खोल वाकून केला.

सोमवारी संध्याकाळी सेक्रेटरीबाई बायकोबरोबर घरीच आल्या. चेहरा पांढरा. त्यांनी त्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "कोण कुठे बसलं होतं, ते मला दाखवा."

आम्ही दाखवलं. त्यांनी डोळे मिटले.

"कोनाड्यासमोरची जागा पाहुण्याची. सर्वांत मानाची. दाराजवळची सर्वांत खालची, तिथे नोकर नाहीतर घरातला सगळ्यांत धाकटा बसतो."

बायको मटकन खाली बसली. "म्हणजे मी त्यांना नोकराच्या जागी बसवलं आणि स्वतः—"

"हो."

"झालं. संपलं."

"नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि आता त्यांना काय वाटतंय ते त्यांचं त्यांनाच कळत नसावं असं दिसलं. "आज त्यांचा फोन आला. जानेवारीत दगड तपासायला या म्हणून. तुम्ही आणि तुमचे पती. दोघं."

मग त्यांनी समजावलं. ओसाका-शिकोकूकडच्या जुन्या पेढ्यांत मुलगा नालायक निघायचा धोका घेत नाहीत. पेढीतला एखादा हुशार कारकून निवडतात, त्याला मुलगी देतात, तो सासऱ्याचं आडनाव लावतो आणि गादी चालवतो. त्याला मुको म्हणतात. घरजावई. घर मात्र बाईचं. मालकांनी आमच्या घरात काय पाहिलं होतं? स्वतःच्या घरात मानाच्या जागी न संकोचता बसलेली बाई. मागे कोनाड्यात देवासारखे मांडलेले घराण्याचे दगड. आणि दारात गुडघ्यावर बसून वाढणारा, बायको ओरडली की पळणारा नवरा. त्यांनी ताडलं की कंपनी हिच्या वडिलांची आहे, गादी हिची आहे आणि मी मुको आहे. खालच्या जागी बसवण्याचा त्यांना राग आला नव्हता. असं बिनदिक्कत बसवू शकते ती खरी मालकीण, असं त्यांनी कारकुनाला ट्रेनमध्ये सांगितलं होतं आणि कारकुनाने ते फोनवर सेक्रेटरीबाईंना.

"त्यांनी विचारलंय, तुमचं घराणं किती पिढ्यांचं?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "काय सांगू?"

बायको हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. सांगा त्यांना. मी पगारी आहे. तीही प्रभारी."

"कळवलंत तर ते बोलावणं मागे घेणार नाहीत," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "पण ऑर्डरबद्दल मी सांगू शकत नाही."

त्या गेल्या. मग मी म्हणालो, "आपण कुठे खोटं बोललो? मी फक्त पुऱ्या वाढल्या."

"आता माहीत असून गप्प बसलो तर ते खोटंच."

"ऑर्डर गेली तर?"

"तर गेली. दुसऱ्याच्या गादीवर बसून मला कायम व्हायचं नाही." ती उठली, कोनाड्यातले दगड उचलून जमिनीवर ठेवू लागली. "पत्राने नको. मी तिथे जाऊन तोंडाने सांगते."

"आणि मी?"

"तू चल. तुला बोलावलंय." मग जरा मऊ होऊन, "तुला लाज वाटत असेल तर नको येऊस."

पुण्यात घरजावई हा शब्द कसा उच्चारतात ते मला माहीत होतं. पण तो महिना मी डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये फेऱ्या घालताना जे चघळत होतो ती लाज नव्हती. पुण्याहून सहा हजार किलोमीटरवर कोणाला तरी मी कोण आहे ते निश्चित ठाऊक होतं, आणि ते चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त होणार याचं मला थोडं वाईट वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नाही.

जानेवारीत आम्ही दोघं आणि सेक्रेटरीबाई निघालो. ओकायामाला गाडी बदलली आणि लांबलचक पुलावरून समुद्र ओलांडला. पूर्ण वाटभर बायको एक कागद दुमडत आणि उलगडत होती. त्यावर तिने जपानीत तीन वाक्यं लिहून घेतली होती. पुलाच्या मध्यावर तिने तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "नको. इंग्रजीत बोलते. त्यांच्यासमोर अडखळले तर ते खोटं बोलल्यासारखं वाटेल."

पेढी समुद्रकाठच्या गावात होती. अंगणभर अर्धवट थडगी. कोरायची नावं अजून आलेली नव्हती. दारात मालकांच्या पत्नी उभ्या होत्या, त्यांच्यापेक्षा अर्धी वीत उंच, कामाचा एप्रन बांधलेला. त्यांनी आम्हाला आत घेतलं, बायकोला कोनाड्यासमोर बसवलं, सेक्रेटरीबाईंना तिच्याजवळ. मला मालकांनी खांद्याला हात लावून बाहेर खुणावलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आता सांगते, असा अर्थ होता त्याचा.

मालक मला दगड कापायच्या शेडमध्ये घेऊन गेले. यंत्र बंद होतं, थंडी होती आणि सुटीच्या दिवसासारखं सगळं स्वस्थ होतं. मला तेव्हा रोजच्यापुरतं जपानी यायचं आणि ते अगदी सावकाश, मुलाशी बोलावं तसं बोलत होते. त्यांनी एका पाटावर मला बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसले. सिगारेट पेटवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मुको," ते म्हणाले. "तेवीस वर्षांचा होतो. सत्तेचाळीस वर्षं झाली." धूर सोडला. मग बोट माझ्याकडे. "मुको?"

त्या क्षणी आत बायको त्याच्या बरोबर उलटं सांगत होती. मला ते ठाऊक होतं. मी "हो" म्हणालो. चार महिन्यांत मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं मला उत्तर द्यावंसं वाटलं.

ते हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "पहिली दहा वर्षं कठीण." मग सिगारेट पुढे केली. मी ओढत नाही. घेतली.

आम्ही आत गेलो. सेक्रेटरीबाई चटईकडे पाहत होत्या. बायकोचे कान लाल झाले होते. मालकांच्या पत्नीने नवऱ्याला बसल्या जागेवरून तीन वाक्यांत सगळं सांगितलं. कंपनी या बाईंच्या वडिलांची नाही. या पगारी आहेत. सहा महिन्यांपुरत्या आल्या आहेत. मालकांनी ऐकलं आणि सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या तोंडाला त्यांच्या सिगारेटचा वास येत होता. कुठे पाहावं ते मला कळेना, म्हणून मी दगडाकडे पाहिलं.

दगड खोलीच्या बाहेर ओसरीवर ठेवला होता, आम्ही पाठवलेल्या खेपेतला एक. मालकांच्या पत्नी उठल्या. सगळ्यांना उठावं लागलं. त्यांनी बांबूच्या ओगराळ्याने दगडावर पाणी ओतलं, काळा रंग खोल झाला, आणि त्या गुडघ्यांवर बसून तिरप्या नजरेने पाहू लागल्या.

"वीस वर्षांनी याला डाग पडेल?" त्यांनी विचारलं. सेक्रेटरीबाईंनी भाषांतर केलं.

बायकोही खाली बसली. तिने ओल्या दगडावर बोट फिरवलं. "पश्चिमेच्या खाणीतल्याला पडतो. तो मी यंदा पाठवलेला नाही. हा दुसऱ्या खाणीतला आहे. पण मी त्या खाणीवर नऊच वर्षं जाते आहे. वीस वर्षांचं मी सांगू शकत नाही."

"आधीचे प्रमुख म्हणत, शंभर वर्षं पडणार नाही."

"ते खाणीवर गेले नव्हते," बायको म्हणाली. सेक्रेटरीबाई क्षणभर अडखळल्या आणि मग त्यांनी तेही जसंच्या तसं सांगितलं.

मालकांच्या पत्नींनी दगडाच्या एका कडेवर नख ठेवलं. "इथे?"

बायको वाकली, नाक जवळजवळ दगडाला लावलं. "चीर आहे," ती म्हणाली. "केसाएवढी. हा परत घेते, असं मीच सांगायला हवं होतं. घेते."

म्हाताऱ्या बाईंनी ओगराळं खाली ठेवलं. मग नवऱ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या आणि मालकांनी मान खाली घातली. सेक्रेटरीबाईंनी अगदी हळू आवाजात आम्हाला सांगितलं: "त्या म्हणतायत, आमचे हेसुद्धा आधी सहा महिन्यांसाठीच आले होते."

मग मालकांनी कपाटातून कागद आणले, चष्मा लावून एकेक कलम मोठ्याने वाचलं. मागितल्यावर बायकोने कंपनीचा शिक्का काढला. मला वाटलं आता मालक त्यांचा काढतील. त्यांनी हात पुढे केला तो पत्नीकडे. तिने एप्रनखालून, कमरपट्ट्यात खोचलेली एक कापडी पुरचुंडी काढली, तिच्यातून शिक्का काढला, तोंडाने हा करून ओलसर केला, लाल शाईत दाबला आणि स्वतः उमटवला. मराठेशाहीचा अर्धा इतिहास शिक्के-कट्यार कोणाकडे यावर लिहिला गेला आहे. शिक्का एप्रनखाली कमरेला असू शकतो हे मला सुचलं नव्हतं.

निघताना मालक फाटकापर्यंत आले. बायको आणि सेक्रेटरीबाई पुढे गेल्या होत्या. त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे तेवढं जपानी नव्हतं.

"आडनाव बदललं नाही," ते एकेक बोट दुमडत म्हणाले. "सासऱ्यांचं दुकान नाही." तिसरं बोट दुमडायला त्यांना काही सुचलं नाही. "तरी मुको," ते म्हणाले, आणि आत गेले.

परतीच्या गाडीत बायको पुलावर पोचायच्या आत झोपली. तोंड किंचित उघडं, शिक्क्याची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. सेक्रेटरीबाई समोर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आधीच्या प्रमुखांच्या वेळी सही व्हायला तीन भेटी लागायच्या." मग त्यांनी पिशवीतून तीन संत्री काढली आणि तिसरं तिच्यासाठी खिडकीत ठेवलं.

पुण्याहून उत्तर यायला मार्च उजाडला. तोपर्यंत मी रोज सकाळी फॅक्स आला का म्हणून ऑफिसात फोन करत होतो, आणि सेक्रेटरीबाई रोज तितक्याच सौजन्याने "अजून नाही" म्हणत होत्या. दरम्यान पुण्यात संचालक मंडळाच्या दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत योग्य माणसाचा विषय निघाला, असं आम्हाला कळलं. बायको त्या दिवशी घरी आली, कोनाड्यासमोर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय. तू वाचून बघ, इंग्रजी नीट आहे का." मी वाचला. इंग्रजी नीट होतं. एक स्वल्पविराम मी वाढवला.

तो द्यायची वेळ आली नाही. दुसऱ्या बैठकीनंतरच्या फॅक्समध्ये ऑर्डर मिळाल्याबद्दल अभिनंदन होतं, तीन वर्षांची मुदत होती आणि पदनामातला प्रभारी हा शब्द गेला होता. तिने फॅक्स दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "भूक लागली." मी त्या संध्याकाळी टेबलापाशी बसून ग्रंथाचं पहिलं वाक्य खोडलं. वरची जागा मोकळी झाल्यावर बरीच वाक्यं आली. त्यांतली काही नंतर छापलीही गेली.

कायम झालेल्या शाखाप्रमुखांना कंपनीच्या काही सवलती असत. त्यांतली एक अशी, की प्रमुखांच्या पत्नीला दर दिवाळीत व्यवस्थापनातर्फे एक रेशमी साडी आणि शुभेच्छापत्र पाठवलं जाई. सवलत ज्या खात्याकडे होती त्याला नियमांत बदल करण्याचं कारण दिसलं नाही. त्या नोव्हेंबरात माझ्या नावाने पार्सल आलं. साडी मोरपंखी होती. फॉल लावलेला नव्हता.